बेअरिंगच्या घरातले ठिपके

धाटावच्या एका कंपनीत मी बावीस वर्षं फिटर होतो. कंपनीने आमचा प्लांट बंद केला तेव्हा आम्हा काही जणांना स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी पाठवलं. घरी बसणं मला जमेना. रोह्यात बाजारपेठेच्या मागच्या बाजूला एक गाळा भाड्याने घेतला आणि छोटी इंजिनं दुरुस्त करायला लागलो. गवत कापायची मशीन, फवारणीचे पंप, भात झोडायच्या मशीनचं इंजिन, आणि लाकूड कापायची चेनसॉ. तिला आमच्याकडे चेनसॉ कोणी म्हणत नाही, कटर म्हणतात. मीही कटरच म्हणतो.

एक कटर माझ्याकडे तीनदा आलं. ते ज्याचं होतं तो माणूस पूर्वी आमच्याच प्लांटमध्ये ठेकेदाराकडे मजूर होता. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. कंपनीतली रोजंदारी सोडून तो पेणच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या गावी परत गेला. पावसाळ्यात भात, नंतर त्याच जमिनीत वाल, आणि मधल्या दिवसांत लोकांची झाडं तोडून द्यायची, असा त्याचा संसार चालला होता. पेणला मेकॅनिक नाहीत असं नाही. पण ओळखीचा म्हणून तो कटर गोणीत घालून गाडीने माझ्याकडे रोह्याला यायचा.

पहिल्यांदा आला तो चक्रीवादळाच्या वर्षी. रोह्यापासून पेणपर्यंत आंबे, फणस, साग, सगळं आडवं झालं होतं. घरांवर झाडं, रस्त्यावर झाडं, विजेच्या तारांवर झाडं. ज्याच्याकडे कटर होतं त्याला दिवसाला दहा ठिकाणांहून बोलावणी होती. याने वडखळच्या एका वखारवाल्याकडून वापरलेलं कटर उचललं होतं.

"आवाज करतंय, भाऊ," तो म्हणाला. "कापतंय, पण आवाज करतंय."

"कधीपासून?"

"घेतल्यापासूनच."

मी ते उघडलं. कटरच्या इंजिनात मधोमध एक दांडा असतो, क्रँक. तो दोन बाजूंच्या दोन बेअरिंगवर फिरतो. बेअरिंगचं आतलं कडं दांड्याबरोबर फिरतं आणि बाहेरचं कडं केसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या कवचात, कोरलेल्या गोल जागेत गच्च बसून राहतं. त्या जागेला आम्ही बेअरिंगचं घर म्हणतो. या कटरमध्ये चेनच्या बाजूचं बाहेरचं कडंही फिरत होतं. केस मऊ, हलक्या धातूची असते. फिरून फिरून कड्याने घर खाल्लं होतं. जे बेअरिंग केस गरम केल्याशिवाय निघायला नको, ते मी अंगठ्याने ढकलून बाहेर काढलं.

याला एकच सरळ उपाय होता. केस लेथवर लावायची, घर थोडं मोठं करून त्यात नवा बुश, म्हणजे धातूचं जाड कडं, बसवायचा आणि बुश आतून बेअरिंगच्या मापाला कापायचा. असं बारीक काम करणारा एक टर्नर पेणला होता, माझा जुना परिचित. पण वादळानंतर कित्येक दिवस वीज नव्हती. त्याचा लेथ बंद होता. नवी केस मिळायची नव्हती.

"काकूच्या घरावर फणस पडलाय," तो पायरीवर बसून सांगत होता. काकू म्हणजे त्याची चुलती, त्याच्या शेजारीच राहणारी. "म्हातारी पडवीत झोपते. वरनं पाऊस हाय. आज नाय कापला तर भिंत बसंल."

मी टोकदार पंच आणि हातोडी घेतली. घराच्या आतल्या बाजूला गोल फिरत ठिपके मारले, एकाला लागून एक. ठिपका मारला की त्याच्या कडेचा धातू किंचित वर येतो आणि बेअरिंग त्यावर अडकून घट्ट बसतं. म्हणजे बसल्यासारखं वाटतं. ठिपके झिजले की परत सैल, आणि तोपर्यंतही दांडा बरोबर मध्यावर फिरेलच असं नाही. कंपनीत कोणी असं काम केलं असतं तर मीच त्याला झापलं असतं. पण दोन तासांत कटर चालू झालं, आवाज गेला आणि तो दुपारच्या गाडीने परत गेला. फणस त्याच दिवशी निघाला हे मला नंतर कळलं.

जे केलं त्याची मला आजही लाज वाटत नाही. त्या दिवशी तेवढंच करण्यासारखं होतं. पण त्याला एक वाक्य सांगायला हवं होतं, की हे तात्पुरतं आहे, वीज आली की घेऊन ये, नीट करू. ते मी सांगितलं नाही. दुकानात रांग होती हे एक कारण. दुसरं असं की तो माझ्याकडे मोठ्या कौतुकाने बघत होता, आणि तसं कोणी बघत असताना आपलंच काम कच्चं आहे असं सांगायला माझी जीभ रेटली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा आला. कटर चालता चालता जाम झालं होतं. मी फक्त वरचा सिलिंडर काढला आणि आत बघितलं. पिस्टनवर एका अंगाला उभे ओरखडे होते. असे ओरखडे साधारणपणे ऑइल कमी पडलं की येतात. या इंजिनांना ऑइल वेगळं नसतं, ते पेट्रोलमध्येच मिसळून घालायचं असतं.

"ऑइल कोण मिसळतं?" मी हात पुसत विचारलं.

"घरातली मिसळते."

"कमी पडलंय."

"मापानं घालते ती."

"पिस्टन समोर आहे. बघ तूच."

त्याने पिस्टन हातात घेऊन बघितला. मग टेबलावर ठेवून दिला. मी नवा पिस्टन आणि सिलिंडर बसवून दिला. खालची केस उघडून बघितलीच नाही. आपण मारलेल्या ठिपक्यांची आठवण तेव्हा मला आली होती की नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. आली नव्हती, असंच मी म्हणेन. पण आली असती तरी मी खालची केस उघडली असती, याची खात्री देता येत नाही.

मग पावणेदोन वर्षं गेली. तिसऱ्यांदा आला तो माघात. कटर चालू होत होतं, पण खालून खडखडत होतं. मी चहा मागवला. बोलता बोलता सहज विचारलं, "आता ऑइल बरोबर पडतं ना?"

"आता मीच मिसळतो," तो म्हणाला. "ती हात नाय लावत मशीनला."

"का?"

त्याने कप खाली ठेवला. आधी सांगावं की नाही असं त्याचं चाललं होतं, मग सांगितलं. मागच्या खेपेला इथून तो परत गेला तेव्हा बायको काकूच्या अंगणात होती. आणखी दोन-तीन माणसं होती. त्याने तिथेच तिला म्हटलं, तुझ्या हातात मशीन दिली तेच माझं चुकलं. ती म्हणाली, मी मापानं घातलंय. तो म्हणाला, मिस्त्री काय खोटं बोलतो? तिथून ती उठून घरी गेली. दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी कामाला लागली, पण कटरपाशी परत आली नाही.

"आधी माझ्याबरोबर यायची, भाऊ. दोर धरायला. झाड कुठल्या अंगाला बसंल ते तिला माझ्या आधी कळतं. आता मी दुसरा माणूस घेऊन जातो. त्याला सांगावं लागतं सगळं."

"मग बोलला नाहीस तिच्याशी?"

"बोलतो की. घरात सगळं बोलणं हाय. मशीनचं तेवढं नाय."

कटर माझ्याकडे ठेवून तो गेला. दुपारी मी सिलिंडर काढला. पिस्टनवर ओरखडे पुन्हा सुरू झाले होते, त्याच अंगाला. अजून खोल गेले नव्हते, पण तेच. आता तर ऑइल तो स्वतः मिसळत होता, आणि आधीची चूक नको म्हणून थोडं जास्तच घालत असणार. मग मी ते सगळं सोडवलं आणि केसचे दोन भाग वेगळे केले.

बेअरिंगच्या घरात माझे ठिपके होते. निम्मे झिजून गुळगुळीत झाले होते, निम्म्यांची नुसती खूण राहिली होती. बेअरिंग एका बाजूला कलून चाललं होतं. दांडा तिरका फिरत होता आणि त्याने शेजारचं रबरी सील एका कडेने कापून काढलं होतं. सील गेलं की बाहेरची हवा इंजिनात शिरते. हवा जास्त झाली की त्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि ऑइल पेट्रोलबरोबरच येत असल्यामुळे तेही कमी पडतं. बाटलीत कितीही बरोबर मिसळलेलं असो, पिस्टनपर्यंत ते पुरेसं पोचत नव्हतं. मागच्या खेपेला कटर जाम झालं तेव्हाही हेच झालं होतं.

ते कटर दोन दिवस माझ्या टेबलावर उघडंच पडून होतं. गुपचूप दुरुस्त करून दिलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं. पेणच्या बाजूची चार-पाच गिऱ्हाइकं याच माणसाच्या ओळखीने माझ्याकडे येत होती, हेही डोक्यात होतं. पण मला सारखी ती बाई आठवत होती. कंपनीत असताना तिला मी एकदाच पाहिलं होतं, नवऱ्याचा डबा विसरला म्हणून गेटवर घेऊन आली होती. चेहरा आठवत नव्हता. तरी असं वाटत होतं की गेली पावणेदोन वर्षं फक्त तिलाच खरं माहीत आहे. आपण मापाने घातलं हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि तिच्या माहितीला कोणी विचारत नव्हतं, कारण मिस्त्रीने सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी केसचे दोन्ही भाग घेऊन पेणला गेलो. टर्नरचं दुकान गणपतीच्या कारखान्यांना लागून आहे. शेजारच्या मातीची पांढरी पूड त्याच्या खिडकीवर बारा महिने असते आणि त्यावरून त्याची शेजाऱ्यांशी बारा महिने कुरबूर चालते, कारण ती पूड लेथला चालत नाही. त्याने केस उजेडात धरली आणि आत बोट फिरवलं.

"हे कोणाचं काम?"

"माझं."

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. बोट आतच होतं.

"वादळात वीज नव्हती," मी म्हणालो. "तुझा लेथ बंद होता."

"नंतर आली की," तो म्हणाला.

आणि तो कामाला लागला. आधी त्याने चांगल्या बाजूच्या घरावरून मध्य काढला, कारण दोन्ही घरं एका रेषेत नसतील तर नव्या बुशचा काही उपयोग नाही. मापाची डायल लावून, पट्ट्या सैल करून, पुन्हा आवळून, यातच त्याचा तास गेला. मग ठिपके कापले गेले. माझी खूण बारीक चकाकत्या भुग्यातून खाली पडली, हे मी बघत होतो. त्याने बुश कापला, केस गरम केली, बुश आत सोडला, थंड झाल्यावर तो आतून बेअरिंगच्या मापाला आणला. शेवटचे दोन हात त्याने इतके हलके घेतले की हत्यार लागतंय की नाही हे मला दिसत नव्हतं. नवं बेअरिंग थंड केसवर टेकवून बघितलं तर आत गेलं नाही. केस गरम केल्यावर आपोआप उतरलं. काम बरोबर झाल्याचं हेच लक्षण.

दुकानात परत येऊन नवी सीलं घातली, पिस्टन बदलला, कटर जोडलं, चालवून बघितलं. आणि त्याला फोन करून बोलावण्याऐवजी मीच ते घेऊन त्याच्या गावी गेलो. पेणपर्यंत एसटी, पुढे रिक्षा.

अंगणात वाल पसरलेले होते. ती काठीने शेंगा झोडत होती. तो गोठ्याच्या बाजूला होता. मला बघून दोघंही थांबली.

"भाऊ, फोन केला असता तर मी आलो असतो."

"दोघांशी बोलायचं होतं," मी म्हणालो.

तिने काठी बाजूला ठेवली, पण बसली नाही. मी कटर ओट्यावर ठेवलं आणि सांगितलं. ठिपक्यांपासून सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "वहिनी, ऑइल कमी नव्हतं. मी न बघता बोललो."

ती आत गेली. मला वाटलं आता बाहेर येणार नाही. पण ती एक प्लास्टिकची सिरिंज आणि एक बाटली घेऊन आली. सिरिंज औषधाच्या दुकानातली, सुई नसलेली. वीसच्या रेघेवर तिने नेलपॉलिशचा ठिपका दिला होता.

"लिटरला ही दोनदा भरून. चाळीस. वखारवाल्यानं सांगितलं होतं. बरोबर हाय?"

"बरोबर आहे."

"एकदा पण चुकले नाय."

"माहीत आहे."

"आता माहीत हाय," ती म्हणाली.

नवरा खाली बघत होता. मग तिने मला एक प्रश्न विचारला. "हवा आत जाते ते बाहेरून कळत नाय?"

"कळतं. रेसचं बटण न दाबता मशीन नुसतं चालू ठेवलं तर आपोआप चढतं. ओरडायला लागतं."

ती नवऱ्याकडे वळली. "मी काय सांगितलं होतं? नुसती ठेवली तरी ओरडते म्हणून?"

"व्हय," तो म्हणाला. "सांगितलं होतं."

ते त्याने मला सांगितलं नव्हतं. आणि मी विचारलंही नव्हतं. ऑइल कोण मिसळतं एवढंच विचारलं होतं.

"त्या दिवशी काकूंच्या अंगणात बोलले हे," ती मला म्हणाली. "तिथं चला."

मला वाटतं तिने हे आधीच ठरवलं होतं. कदाचित पावणेदोन वर्षं ठरवलेलं होतं. आम्ही तिघं शेजारच्या अंगणात गेलो. काकू पडवीत सुपात तांदूळ निवडत होती. तिचा मुलगा होता आणि वाटेने जाणारा एक शेजारी आम्हाला बघून थांबला. त्याची बायको म्हणाली, "हे रोह्याचे मिस्त्री. यांना सांगायचं हाय."

मी सांगायला सुरुवात केली. मशीन जाम झालं होतं ते ऑइलने नाही, माझ्या कामाने, असं म्हणालो. काकूने सूप खाली ठेवलं.

"कुठली मशीन?"

"कटर, काकू."

"जाम कधी झाली?"

मुलालाही आठवत नव्हतं. शेजारी म्हणाला, त्या दिवशी मी होतो की नाही कुणास ठाऊक. त्यांच्यापैकी कोणाच्याच ते लक्षात राहिलं नव्हतं. नवरा बायकोला अंगणात चार शब्द बोलला, त्यात लक्षात ठेवण्यासारखं त्यांना काही वाटलं नसावं. मग मला ते सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. फणस, ठिपके, पिस्टन, मी काय म्हणालो, त्यावरून तो काय म्हणाला. काकू मधे मधे विचारत होती आणि मी उत्तरं देत होतो. त्याची बायको पडवीच्या खांबाला हात लावून उभी राहिली, आणि मी थांबेपर्यंत हलली नाही.

शेवटी काकू म्हणाली, "म्हणजे हिची चूक नव्हती."

"नाही."

"मग आता चालते ना मशीन?"

"चालते."

काकूने पुन्हा सूप उचललं. परत येताना वाटेत तो मागे रेंगाळत म्हणाला, "चुकलं गो माझं."

"एकट्याचं नाय," ती म्हणाली. मी बरोबरच चाललो होतो.

तिने चहा केला. चहा पिताना वालाच्या भावाबद्दल आणि यंदा थंडी कमी पडली याबद्दल बोलणं झालं. निघताना त्याने मला रस्त्यापर्यंत पोचवलं. रिक्षा येईपर्यंत तो माझ्याबरोबर थांबला. माझ्यावर तो रागावला होता का, हे मी विचारलं नाही. रागावला असता तर ते योग्यच होतं.

उन्हाळ्यात तो एकदा चेन घ्यायला रोह्याला आला. मी तिची चौकशी केली. पुन्हा बरोबर यायला लागली, म्हणाला. दोर तीच धरते.

"आणि ऑइल?"

"ते मीच घालतो. ती म्हणते, तुमचं तुम्ही घाला. सिरिंज दिली तिनं, पण हात नाय लावत."

पावसाच्या तोंडावर एकदा तिचा फोन आला. नंबर नवऱ्याचा, आवाज तिचा. "ऐका," एवढं बोलून तिने फोन मशीनजवळ धरला. मी ऐकलं. इंजिन चढत होतं, मग बसत होतं, पुन्हा चढत होतं. सील गेल्यावर ते नुसतं चढत जातं, बसत नाही. मी विचारलं, टाकीतला फिल्टर शेवटचा कधी बदलला? तिने नवऱ्याला विचारलं. कधीच नाही. फिल्टर बदलल्यावर आवाज गेला, असं संध्याकाळी तिने पुन्हा फोन करून सांगितलं. आता असा फोन वर्षातून दोन-तीनदा येतो. तिचं ऐकणं माझ्यापेक्षा बारीक आहे, आणि ती काय ऐकू येतंय ते सांगते, कारण सांगत नाही. कारण शोधणं माझं काम आहे असं तिने ठरवलेलं दिसतं.

त्या माघानंतर मी दुकानात एक सवय लावून घेतली. मशीन परत देताना दोऱ्याने एक पुठ्ठ्याचा तुकडा बांधतो आणि त्यावर काय केलं, काय केलं नाही आणि काय तात्पुरतं आहे ते मराठीत लिहितो. गेल्या महिन्यात एकाने गवत कापायचं मशीन नेताना पुठ्ठा वाचला. त्यावर लिहिलं होतं, क्लच जुनाच ठेवला आहे, दिवाळीपर्यंत चालेल. तो म्हणाला, "पूर्ण करता येत नसेल तर घेता कशाला?" मी म्हणालो, क्लच यायला दहा दिवस लागतील. तो थांबायला तयार नव्हता, आणि तसंच न्यायलाही नव्हता. थोडा वेळ घुटमळून तो मशीन घेऊन कोलाड रस्त्यावरच्या दुसऱ्या मेकॅनिककडे गेला. पुठ्ठा त्याने काढला नव्हता.